पिकअपचा ब्रेक पाइप : जोड नको, पुरा पाइप बदला

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यातील आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची रोजी पिकअप गाडीवर अवलंबून आहे. कोणी पहाटे भाजी-फळे आणतो, कोणी कोंबड्यांचे खुराडे वाहतो, कोणी फर्निचर, काच, लोखंडी जाळ्या किंवा भंगार पोहोचवतो. २००५ साली टाटा एस बाजारात आली आणि तीनचाकी टेम्पो चालवणारे अनेक जण चारचाकीकडे वळले. बोलेरो पिकअपसारख्या त्याहून मोठ्या गाड्याही आता गल्लोगल्ली दिसतात. मालक इंजिनाची काळजी घेतो, टायर बघतो, हौद्याला रंग देतो. पण चासीच्या कडेने मागे जाणारा बोटापेक्षाही बारीक ब्रेक पाइप फुटेपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाही. या लेखात आम्ही त्या पाइपचाच विचार करणार आहोत. तो कधी बदलावा, कोणत्या धातूचा घ्यावा, काम कसे करावे आणि कोणत्या स्वस्त उपायापासून दूर राहावे, हे गाडीमालक आणि मिस्त्री दोघांनीही समजून घेणे जरुरीचे आहे.

चामटोलीचे पाणी आणि लोखंड

चामटोली हे गाव बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस याच परिसरात पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या बातमीमुळे या भागाचे नाव देशभर गेले. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पुराचा फटकाही या खोऱ्याला बसला होता. रेल्वेगाडी अडकते तिथे अंगणात उभ्या असलेल्या पिकअपचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

पूर ओसरल्यावर मालक आधी इंजिन सुरू होते की नाही ते पाहतो. इंजिन सुरू झाले की गाडी वाचली असे समजतो. पण चिखल चासीच्या कोनाड्यात, पाइपच्या क्लिपांमागे आणि मागच्या ॲक्सलवर साचून राहतो. ओला चिखल लोखंडाला लागून राहिला की गंज आत शिरतो. पुरात न सापडलेल्या गाड्यांनाही कोकणपट्टीचे चार महिन्यांचे पावसाचे पाणी खालून मिळतच असते. म्हणून आपल्याकडील गाडीचा ब्रेक पाइप कोरड्या मुलखातील गाडीच्या पाइपपेक्षा आधी सडतो, हे गृहीत धरूनच चालावे.

पाइपाच्या आत किती दाब असतो?

बंद नळीतील द्रवावर एका टोकाला दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. ऑइल ब्रेकचे सारे काम याच नियमावर चालते. एक साधा हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

ड्रायव्हरने पेडलवर ३० किलोचा जोर दिला. पेडलच्या दांड्यामुळे तो पाचपट, म्हणजे १५० किलो झाला. मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ४० किलो दाब झाला. बूस्टरने तो तिप्पट केला, तर १२० किलो. टायरातील ३५ पाउंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला फक्त अडीच किलो. टायरातील हवेच्या जवळपास पन्नासपट दाब तो बारीक पाइप सहन करतो. हा पाइप बहुधा पावणेपाच मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. गंजाने तिचा अर्धा भाग खाल्ला, तर उरलेला पत्रा कोणत्या क्षणी फुटेल हे सांगता येत नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाइप सावकाश, रोजच्या हलक्या ब्रेकमध्ये सहसा फुटत नाही. ज्या दिवशी समोर मूल आडवे येते आणि ड्रायव्हर सारा जीव लावून पेडल दाबतो, त्या दिवशी दाब सर्वांत जास्त असतो आणि कच्चा पाइप तेव्हाच जातो. म्हणजे ब्रेकची खरी गरज असते तेव्हाच तो दगा देतो. दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक पाइप फुटला तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक शिल्लक राहतात. परंतु पेडल एकदम खाली जाते, गाडी थांबायला बरेच जास्त अंतर लागते, आणि भरलेल्या गाडीला ते अंतर रस्ता देत नाही.

तपासणी कशी करावी

दिवाळीच्या सुमारास, पावसाळा संपून रस्ते कोरडे झाले की, गाडी मजबूत स्टँडवर किंवा रॅम्पवर घ्यावी. नुसत्या जॅकवर चढवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पाइप साध्या पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि पुढील जागा बघाव्यात :

१) मागच्या ॲक्सलवरून दोन्ही चाकांकडे जाणारे पाइप. येथे चाकांनी उडवलेला चिखल सर्वांत जास्त बसतो.

२) प्रत्येक क्लिपची मागची बाजू. क्लिप काढल्याशिवाय तिथला गंज दिसत नाही.

३) हौद्याखालील चासीची आतली बाजू, विशेषतः जिथे पाइप वळतो किंवा लोखंडाला घासतो.

४) रबरी होज पाइप. बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या चाकांना आणि एक चासीवरून मागच्या ॲक्सलला असतो. होज वाकवून पाहावा. बारीक चिरा, फुगवटा किंवा ओलसरपणा दिसला तर तो बदलावा.

वरून लालसर डाग असणे आणि पाइप सडणे यांत फरक आहे. कापडाने पुसून जाणारा डाग घाबरण्यासारखा नाही. पण पापुद्रे निघत असतील, खड्डे पडले असतील किंवा बोटाला खरखर लागत असेल, तर तो पाइप बाद समजावा. ब्रेक ऑइल वारंवार कमी होत असेल, तर केवळ वरून भरत राहू नये. लायनर झिजल्यानेही पातळी थोडी खाली येते. मात्र पुन्हा पुन्हा भरावे लागत असेल तर ते कोठेतरी गळते आहे.

होज पाइपची आणखी एक खोड आहे. तो बाहेरून चांगला दिसतो, पण आतले रबर सुजून रस्ता बंद होतो. मग ब्रेक लागतो पण लवकर सुटत नाही, एक चाक तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. पुष्कळदा मिस्त्री व्हील सिलिंडर बदलतो, तरी तक्रार जात नाही. अशा वेळी होजकडेही लक्ष द्यावे.

कोणता पाइप घ्यावा?

पहिली पसंती गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या तयार पाइपला द्यावी. तो योग्य लांबीचा, वळवलेला आणि तोंडे तयार केलेला येतो. असा पाइप न मिळाल्यास वेटोळ्यातून पाइप तयार करावा लागतो. त्यासाठी धातूंची माहिती पाहिजे.

पोलादी बंडी ट्यूब : पोलादी पत्र्याचे दोन थर गुंडाळून तांब्याने सांधलेली ही नळी. कंपन्या वर्षानुवर्षे हीच वापरत आल्या आहेत. ताकद उत्तम. दोष एकच, वरचा थर गेला की गंजते. म्हणून नुसती घेऊ नये, जस्ताचा व त्यावर प्लॅस्टिकचा थर असलेली घ्यावी. पाइप बसवताना तो थर खरवडला जाऊ नये.

तांबे-निकेलची नळी : यात सुमारे १० टक्के निकेल, थोडे लोखंड आणि बाकी तांबे असते. ती गंजत नाही, हाताने वळते आणि तोंड सहज फुलते. स्वीडनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्यामुळे पोलादी पाइप सडत. तेथील व्होल्वो कंपनीने १९७६ पासून आपल्या मोटारींना हीच नळी लावली. आपल्याकडील ओल्या हवेलाही ती योग्य आहे. 'पाइप सुधारणे' याचा खरा अर्थ आम्हाला येथे दिसतो. मात्र ती ब्रेकसाठीच बनवलेली असल्याचा छाप किंवा कंपनीचा कागद पाहूनच घ्यावी.

शुद्ध तांब्याची नळी : फ्रिज आणि एअर कंडिशनरच्या कामातील तांब्याची नळी दिसायला तांबे-निकेलसारखीच असते आणि कोठेही मिळते. ती ब्रेकला कदापि लावू नये. गाडीच्या थरथरीने तांबे कडक होत जाते आणि एक दिवस वळणावर तडकते. फ्रिज एका जागी उभा असतो, पिकअप खड्ड्यांतून धावते, हा भेद विसरू नये.

स्टेनलेस स्टीलची नळी : गंजत नाही, पण फार कडक. साध्या हत्याराने तिचे तोंड नीट बसत नाही. छोट्या गॅरेजने तिच्या वाटेला न जाणे बरे.

स्टीलच्या जाळीचे होज : शर्यतीच्या गाड्या पाहून काही तरुण असे होज मागतात. त्याने पेडल थोडे घट्ट वाटते, हे खरे. पण गाडी किती अंतरात थांबेल हे टायर, लायनर आणि वजन यांवर ठरते. मालवाहू पिकअपला कंपनीचा किंवा भारतीय मानक आयएस ७०७९ प्रमाणे बनलेला नवा रबरी होज पुरेसा आहे. जाळीवर पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे पुऱ्या पाइपला आणि नव्या ब्रेक ऑइलला लावावेत.

जोड का नको?

गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारे एक वाक्य असे : "उस्ताद, आजचा दिवस काढून द्या. माल उतरला की उद्या नवा टाकू." मग सडलेला तुकडा कापून मध्ये पितळी छल्ल्याचा जोड बसवला जातो. हा जोड पाण्याच्या किंवा गॅसच्या हलक्या दाबासाठी असतो. ब्रेकच्या दाबाने आणि थरथरीने पाइप त्यातून हळूहळू सरकतो आणि अचानक निसटतो. काही ठिकाणी फुटलेल्या बाजूचा पाइप ठोकून चपटा करतात आणि तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी पाठवतात. त्याने ब्रेक मारताच गाडी एका बाजूला फिरू शकते.

दोन्ही तोंडे नीट दुहेरी फुलवून मध्ये ब्रेकचे युनियन टाकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तांत्रिकदृष्ट्या ती चूक नाही. तरीही आमचा सल्ला असा की, जो पाइप एका जागी सडला तो दुसऱ्या जागीही सडत आला आहे. आज जोड दिलात तर महिन्याने शेजारचा भाग फुटेल. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरा पाइप बदलावा.

मिस्त्री बांधवांना आमची विनंती आहे की, अशा वेळी संकोच न करता साफ सांगावे : "शेठ, गाडी इथेच राहू द्या, माल दुसऱ्या गाडीने पाठवा." गिऱ्हाईक त्या दिवशी नाराज होईल. पण त्या गाडीखाली कोणी सापडले तर भरपाई कोणीच करू शकणार नाही.

काम करण्याची रीत

१) जुना पाइप काढताना साधा पाना वापरू नये, नटाची कड मरते. फ्लेअर नटाचा कापलेला रिंग पाना वापरावा. आदल्या रात्री नटावर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे.

२) लांबी दोरीने किंवा तारेने वळणांसकट मोजावी. जुना पाइप शक्यतो अखंड काढून नमुना म्हणून समोर ठेवावा.

३) पाइप हॅक्सॉने कापू नये, कीस आत जातो. नळी कापायचा कटर वापरावा, आतली धार काढावी आणि नळी हवेने साफ करावी.

४) तोंड फुलवण्याआधी नट पाइपात सरकवावा. नव्या मुलांकडून ही गोष्ट हमखास राहते आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

५) जुने तोंड नीट पाहावे. काही गाड्यांत आत दुमडलेले दुहेरी तोंड असते, काहींत बुडबुड्यासारखे गोल तोंड असते. दोघांची बैठक वेगळी. एकाच्या जागी दुसरे लावले तर नट कितीही आवळा, गळती राहते. एकेरी फुलवलेले तोंड ब्रेकला चालत नाही, ते चिरते.

६) नटाचे आटे जुन्याशी ताडून पाहावेत. नट आधी हाताने फिरवून बसवावा, मगच पाना लावावा.

७) वळणे गोलाकार व बेंडरने द्यावीत, पाइप चेपता कामा नये. सायलेन्सरपासून, फिरत्या शाफ्टपासून आणि पाट्यांपासून अंतर ठेवावे. सर्व क्लिपा परत लावाव्यात. लोंबकळणारा पाइप थरथरून तुटतो.

८) बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाकावेत.

ब्रेक ऑइल आणि हवा काढणे

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावा वाढला की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर किमान १४० अंश असतो, तर डॉट ४ चा अनुक्रमे २३० आणि १५५. उतारावर चाके तापून ऑइल उकळले की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही आणि पेडल तळाला लागते. म्हणून पाइप बदलताना सारे ऑइल नवे भरावे आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलावे. पुरात बुडालेल्या गाडीचे लगेच बदलावे आणि ड्रम उघडून आतील चिखलही काढावा.

डबा सीलबंद असावा. झाकणावर लिहिलेलाच प्रकार भरावा. भारतीय मानक आयएस ८६५४ चा उल्लेख डब्यावर पाहावा. काढलेले ऑइल गाळून पुन्हा भरणे ही बचत नव्हे. इंजिन ऑइलचा एक थेंबही त्यात जाऊ नये, त्याने सर्व रबरी वॉशर फुगतात. शिवाय ब्रेक ऑइल रंग खाते, सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

हवा काढताना कंपनीच्या पुस्तकातील क्रम पाळावा. पुस्तक नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडील उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचे डावे चाक असते. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडावा, बंद करावा आणि मगच पेडल सोडावे. बाटली रिकामी होऊ देऊ नये. एबीएस असलेल्या गाडीत हवा काढण्यासाठी यंत्र लागू शकते, ते काम त्या सोयीच्या वर्कशॉपमध्ये करावे.

शेवटी इंजिन सुरू ठेवून पेडल एक मिनिट जोराने दाबून धरावे. दुसऱ्याने प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा. पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गाडी गॅरेजबाहेर काढू नये. सर्व ठीक असल्यास मोकळ्या, सपाट जागी दहाच्या वेगाने चाचणी घ्यावी, नंतर रिकाम्या गाडीने थोडा वेग वाढवून आणि मगच माल भरून. आठवड्याने सारे सांधे पुन्हा तपासावेत.

वाढवलेले पाटे आणि घाटाचा उतार

जास्त माल घेता यावा म्हणून आपल्याकडे मागचे पाटे वाढवण्याची रीत आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलशी जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने किती खाली बसली त्यावरून तो मागच्या ब्रेकला कमी-जास्त दाब देतो. पाटे वाढवले की गाडी भरली तरी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. असा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीचे पाटे बदलले तर तो पुस्तकाप्रमाणे पुन्हा लावून घेतला पाहिजे. आमचे मत मात्र असे की, कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरूच नये. वेग ४० वरून ६० झाला तर ब्रेकला सव्वादोनपट काम करावे लागते. त्यावर जास्त वजन घातले तर नवा पाइपही गाडीला वाचवू शकत नाही.

जुन्नर-ओतूरकडून माळशेज उतरणाऱ्या किंवा खंडाळ्याहून खोपोलीकडे येणाऱ्या गाड्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरू नये. इंजिन बंद केले तर बूस्टरचे बळही एक-दोन दाबांत संपते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

कायदा आणि हिशेब

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पासिंगच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा पाइपची तपासणी दर वर्षी ठरलेल्या महिन्यात करावी.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावा. एका बाजूला पाइप, नट, होज, ऑइल आणि एका दिवसाची मजुरी लिहा. दुसऱ्या बाजूला माल भरलेली गाडी रस्त्यात बंद पडल्यास टोइंगचा खर्च, खराब झालेला माल, बुडालेले गिऱ्हाईक आणि गाडी उभी असतानाचे हप्ते लिहा. अपघाताचा खर्च त्यात धरलाच नाही, तरी पहिली बाजू लहानच निघेल.

मिस्त्री बांधवांनी या कामाची वही ठेवावी. गाडीचा नंबर, तारीख, कोणता पाइप टाकला, कोणते ऑइल भरले हे लिहून बिलावर तसे नमूद करावे. तोंड फुलवण्याचे चांगले हत्यार एकदा घेतले की वर्षानुवर्षे पुरते, आणि हे काम बिनचूक करणारा कारीगर म्हणून नाव झाले की आजूबाजूच्या गाड्या आपोआप येतात. गाडीमालकांनीही काम झाल्यावर स्वतः खाली वाकून नवा पाइप, त्याच्या क्लिपा आणि सांधे पाहावेत, मगच पैसे द्यावेत आणि माल भरावा.